शेठना कुणी सांगितलंच नव्हतं

भिवंडीत धामणकर नाक्यापासून शांतीनगरपर्यंत कुठल्याही गल्लीत शिरा, यंत्रमाग कारखान्याचे हे शेठ भेटतातच. सुताचा भाव त्यांना दात घासण्याआधी कळलेला असतो. विजेचं बिल किती येणार, ते मीटरकडे नुसतं बघून सांगतात. कुठला व्यापारी कधी हात वर करणार, याचाही वास त्यांना आधीच लागतो. फक्त उद्या कामावर कोण येणार नाही, एवढं त्यांना कधीच माहीत नसतं.

आणि कोण कधी जाणार, हे तर गावातलं उघडं गुपित. यंत्रमागावरचे बरेचसे कारागीर उत्तर प्रदेश-बिहारचे. मे महिन्यात गावाकडे लग्नं, दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, पण तीही कॅलेंडरात छापूनच. २०२१च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशात पंचायतीच्या निवडणुका होत्या. ‘मत द्यायला एवढ्या लांब कशाला?’ शेठनी विचारलं. कारागिराचा सख्खा चुलता प्रधानकीला उभा होता.

शिवाय रेल्वे आहेच. आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४पासून ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे कल्याणला गोरखपूरची गाडी धरणाऱ्याची रजा दोन महिने आधी बर्थसकट पक्की झालेली असते. हे चहावाल्याला ठाऊक, शेजारच्या कारखान्यातल्या जॉबरला ठाऊक. शेठना सांगत नाहीत, कारण सांगितलं की शेठ हिशेब अडवतात. मग माणूस रात्रीत निघून जातो आणि सकाळी शेठ म्हणतात, ‘या लोकांना जबाबदारीच नाही!’

त्याचे माग ते शेजारच्या कारागिराच्या गळ्यात मारतात. जुन्या साध्या मागावर ताण्याचा धागा तुटला तरी माग थांबेलच असं नाही. नजर ठेवायला माणूस लागतो. एकाच माणसाची नजर दुप्पट मागांवर पसरली की कापडात उभ्या फटी पडतात, व्यापारी ‘डॅमेज’ म्हणून भाव पाडतो आणि शेठ शिव्या घालतात त्या गावी गेलेल्याला.

मुंबईच्या गिरण्यांनी या दुखण्यावर फार पूर्वीच उपाय काढला होता. पाळीच्या वेळी बदली कामगार दाराशी हजर. कायम माणूस गणपतीला कोकणात गेला की त्याच्या जागी बदली उभा. बदलीवाल्यांचे हाल झाले, तो भाग वेगळा आणि काळाच आहे. पण माणूस गैरहजर राहणारच, हे गिरणीने गृहीत धरलं होतं. १९८२च्या संपानंतर गिरण्यांचं पुष्कळ काम भिवंडीकडे सरकलं. हे गृहीतक काही त्याबरोबर आलं नाही.

मे २०२०च्या पहिल्या आठवड्यात भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरला श्रमिक स्पेशल सुटली आणि शहराचा खडखडाट कसा थांबतो, ते सगळ्यांनी ऐकलं. ती टाळेबंदी होती, तिची तयारी कोण करणार? पण शेठनी तेव्हापासून छठलाही ‘नैसर्गिक आपत्ती’च्या खात्यात टाकून दिलं आहे.

यंदा मात्र ते सुधारायचं म्हणाले. दिवाळीच्या आधी हजेरी-हिशेब लिहिणाऱ्या मेहताजींना बोलावून विचारलं, ‘कोण कधी जाणार, काही अंदाज?’ मेहताजींनी हजेरीबुकातून कॅलेंडरचं पान काढलं. प्रत्येक कारागिराच्या तिकिटाची तारीख, परतीचा दिवस, त्याच्या जागी पद्मानगरातून किंवा नवी बस्तीतून येणारा माणूस. सगळं पेन्सिलीने लिहिलेलं.

‘कधीपासून करताय हे?’

‘आठ वर्षं झाली. तुम्ही विचारलं नाहीत.’

शेठ खूश झाले. बोट फिरवत फिरवत नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यावर थांबले. तिथे दहा दिवसांभोवती लाल रिंगण होतं, पुढे बदली माणसाचं नाव नव्हतं.

‘हा कोण एवढे दिवस?’

‘मी, शेठ. मुलीचं लग्न आहे. पत्रिका महिन्यापूर्वी दिली, तुमच्या ड्रॉवरमध्येच आहे.’