‘दादा, फाईल उघडत नाही, परवा या’

मिरचीच्या हंगामात नंदुरबारच्या बाजारात हे वाक्य अधूनमधून ऐकू येतं. वर्षानुवर्षांचा हिशेब टॅली या सॉफ्टवेअरमध्ये असतो, एका सकाळी टॅली दुकानाची फाईल उघडायला नकार देते आणि समोर उभ्या माणसाला परत पाठवलं जातं. तळोद्याहून किंवा अक्कलकुव्याहून आलेल्या शेतकऱ्याला ‘परवा’ म्हणजे आणखी एक दिवस बुडालेलं काम आणि पुन्हा गाडीभाडं. फाईल शेठची, संगणक शेठचा आणि भुर्दंड शेतकऱ्याला! हे बंद झालं पाहिजे.

आधी नुकसान कुणाचं, ते बघू. व्यापाऱ्यानं विकलेल्या सुक्या मिरचीवर पाच टक्के जीएसटी असतो. त्या विक्रीची नोंद पोर्टलवर जाते, ई-वे बिल निघतं, पैसे बँकेतून येतात. व्यापाऱ्याची फाईल उडाली तरी विक्रीची बाजू बरीचशी पुन्हा जुळवता येते. खरेदीची गोष्ट वेगळी आहे. ओली मिरची करमुक्त आणि विकणारा शेतकरी जीएसटीत नोंदलेला नसतो, त्यामुळे त्याच्याकडून घेतलेला माल व्यापाऱ्याच्या जीएसटीआर-२बी विवरणात दिसतच नाही. कुणाची किती क्विंटल घेतली, उचल किती दिली, बाकी किती राहिली, पथारीवर वाळवताना वजन किती घटलं, हे सगळं दोनच ठिकाणी असतं: काट्याच्या नि हिशेबाच्या पट्टीवर आणि त्या फाईलमध्ये. पट्टी खिशात भिजते, हरवते. मग उरते ती फाईल. ती बंद पडली की ज्याच्याकडे दुसरा पुरावा नाही, तोच अडकतो.

आता फाईलचं. ‘डेटा उडाला’ अशी बोंब उठते तेव्हा बरेचदा डेटा जागच्या जागी असतो. टॅली प्रत्येक कंपनीच्या हिशेबाला आकड्यांच्या नावाचं फोल्डर देते, १०००० किंवा १०००१ असं. टॅलीला त्या फोल्डरच्या बाहेरच्या फोल्डरचा पत्ता द्यायचा असतो. कुणी थेट १०००१ च्या आतला पत्ता दिला की यादी रिकामी दिसते आणि दुकानात रडारड सुरू होते. डेटा ‘डी’ ड्राइव्हवर आणि टॅली बघतेय ‘सी’वर, असंही होतं. झिप केलेली फाईल न सोडवताच उघडायचा प्रयत्न होतो. पेनड्राइव्हवरचा व्हायरस फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा खोटा शॉर्टकट ठेवून देतो. फोल्डर तिथंच असतं, फक्त दिसत नाही. यातलं काहीही दहा मिनिटांत शोधता येतं.

सगळ्यात जास्त घोळ आवृत्तीचा. दुकानात जुनी टॅली ईआरपी ९ असते, ती २००९ पासूनची. सीएकडे नवी टॅलीप्राइम. ऑडिटसाठी डेटा पेनड्राइव्हवर जातो, तिथं नवी आवृत्ती तो आपल्या घडणीत बदलून घेते, त्यात दुरुस्तीच्या नोंदी होतात आणि तोच डेटा दुकानात परत येतो. दुकानातली जुनी टॅली तो उघडत नाही. फाईल धडधाकट असते, वाचणारं यंत्र मागं पडलेलं असतं. नव्याकडे गेलेला डेटा जुन्यात परत आणता येत नाही, म्हणून देण्याआधीची प्रत दुकानात राहिलीच पाहिजे. आणि दुकान नि सीए यांनी एकाच आवृत्तीवर यावं. हा दोन फोनचा विषय आहे, तो वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवला जातो.

खरी मोडतोडही होते, नाही असं नाही. नोंद लिहिली जात असताना वीज गेली की एका फाईलमध्ये व्हाउचर असतं आणि दुसऱ्या फाईलमध्ये त्याचा पत्ता नसतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या पट्ट्यात वीज जाण्याचं कुणाला नवल नाही, तरी संगणकाला यूपीएस नसतो. पेनड्राइव्हवरूनच थेट टॅली चालवतात आणि काम सुरू असताना तो उपसतात. अशा वेळी लोक पहिला हात घालतात तो ‘रीराइट’ला, म्हणजे कंट्रोल-आल्ट-आर. थांबा. दुरुस्ती करताना खराब झालेली व्हाउचरं गळून पडू शकतात. आधी आख्खं फोल्डर, आहे त्या मोडक्या अवस्थेत, दुसऱ्या डिस्कवर उतरवा. दुरुस्ती त्या नकलेवर करा. मुळाला हात लावायचा नाही. एवढा एक नियम पाळला तर कितीतरी शेतकऱ्यांच्या बाक्या वाचतील.

पासवर्डचं तर मला रागानंच लिहायचं आहे. टॅलीव्हॉल्ट लावलं की डेटा कुलूपबंद होतो. तो पासवर्ड विसरला तर टॅली कंपनीही तो काढून देऊ शकत नाही. हा पासवर्ड कित्येक दुकानांत एकाच व्यक्तीला माहीत असतो: एमएस-सीआयटी आणि टॅलीचा कोर्स केलेली, खेड्यातून रोज येऊन-जाऊन काम करणारी मुलगी किंवा मुलगा. तुटपुंजा पगार आणि सगळी जबाबदारी. फाईल उघडली नाही की पहिला आरोप तिच्यावर, पगार कापायची धमकीही तिलाच. शेठ, तुम्ही तिला यूपीएस दिला नाही, बॅकअपला दुसरी डिस्क दिली नाही, सॉफ्टवेअरची फुकटी चोरटी प्रत वापरायला लावली. मग दोष तिचा कसा? डेटा कुठं आहे आणि पासवर्ड काय आहे, हे मालकाला पाठ असायला हवं.

आभाळ भरून आलं की हेच मालक पथारीवरची मिरची झाकायला रात्री-अपरात्री माणसं पळवतात. अवकाळीनं माल काळा पडतो, हे त्यांनी सोसलंय. हिशेबावर तेवढी ताडपत्री टाकायला रोज पाच मिनिटं पुरतात: संध्याकाळी दुकान बंद करताना एक बॅकअप, तो संगणकाबाहेरच्या डिस्कवर, आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप खरंच उघडतो का, हे दुसऱ्या संगणकावर लावून बघणं. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर मी तरी भरवसा ठेवणार नाही. जीएसटीचे नियमही इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप ठेवायला सांगतात आणि हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपायला लावतात.

यंत्र अडलं की फेऱ्या माणसाला, हे इथं नवं नाही. २९ सप्टेंबर २०१० ला देशातली पहिली आधार कार्डं याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात वाटली गेली. तेव्हापासून इथल्या माणसाकडे अंगठा मागितला जातो, ओटीपी मागितला जातो. मशीननं अंगठा ओळखला नाही तर त्यालाच फेऱ्या. आता विकास सोसायट्याही संगणकावर येताहेत. केंद्रानं जून २०२२ मध्ये देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांसाठी, म्हणजे अशाच विकास सोसायट्यांसाठी, एकाच धर्तीच्या सॉफ्टवेअरची योजना मंजूर केली. चांगलं आहे. पण ज्याचं कर्ज त्या पडद्यावर आहे, त्याच्या हातात छापील उतारा हवा, दर व्यवहाराला हवा.

बाजार समितीचा कायदा १९६३ चा. टॅलीची कंपनी १९८६ ची. शेतमालाचे पैसे विक्रीच्या दिवशीच चुकते करायचे, हा दंडक संगणक येण्याआधीचा आहे आणि त्यात फाईल उघडण्याची अट कुठंही नाही. मिरची तोलली गेली, भाव ठरला, पट्टी फाटली, म्हणजे रक्कम ठरली. ती त्या कागदावरून त्याच दिवशी द्या. टॅलीत नोंद रात्री करा, उद्या करा, दुरुस्तीला आठवडा लागला तर आठवड्यानं करा. आणि समितीच्या संचालकांनी बाजारात फेरी मारावी. जिथं फाईलच्या नावाखाली पैसे अडलेत, तिथं पट्टी बघून ते आपल्यासमोर द्यायला लावावेत.