मेमरीभाऊ

वरवट बकालात शेगावची गाडी कधी, हे कोणीही सांगेल. पण मागच्या पोळ्याला आपण खुशीत होतो की नाही, हे पुराव्यानिशी सांगणारा गडी एकच. गाव त्याला मेमरीभाऊ म्हणतं. साठी उलटलेली, घरची कपाशी, आणि फोनात फोटो इतके की बोंडअळी लागल्यासारखी मोकळी जागा रोज घटते.

त्यात पोरानं एक अ‍ॅप टाकून दिलं. ते चेहरे पाहून फोटोंच्या थप्प्या लावतं : आनंद, दुःख, राग, आश्चर्य. मग त्यांना नाव आणि संगीत देऊन 'मेमरी' म्हणून पुन्हापुन्हा दाखवतं. तेव्हापासून भाऊ स्वतःचं मनसुद्धा फोनला विचारूनच सांगतो. "कसं काय भाऊ?" म्हटलं की आधी चष्मा, मग फोन. "या महिन्यात आनंद जरा जास्तच दिसून राह्यला!"

"कायचा आनंद!" काकू आतून ओरडतात. "दाताच्या डाक्टरपाशी 'आ' केला होता, तवाचा फोटो हाये थो!"

यंत्राला तरी काय बोलावं? एमआयटीच्या रोझलिंड पिकार्ड यांचं 'अफेक्टिव्ह कम्प्युटिंग' हे पुस्तक १९९७ साली आलं. संगणकाला भावना कळाव्यात ही खटपट तेव्हापासून जोरात आहे. पण त्याला दिसतो तो चेहरा. ओठांचे कोपरे वर गेले की आनंद. आणि आपला वऱ्हाडी माणूस तेरवीच्या पंगतीतही गेलेल्याचे किस्से सांगून खदखदा हसतो. त्यामुळे भाऊच्या सख्ख्या मामाची तेरवी 'आनंदाचे क्षण'मध्ये जाऊन बसली, वर सनई. लेकीची पाठवणी गेली 'दुःखा'त. त्या फोटोत जावई तेवढा हसतोय, म्हणून भाऊचा त्याच्यावर अजून राग आहे.

जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर तालुक्यात पुरानं शेतं खरवडून नेली. पंचनाम्याला लागतील म्हणून भाऊनं फोटो काढून घेतले. एकात तो स्वतः, गुडघाभर पाण्यात, पावसाच्या माऱ्यानं डोळे बारीक, दात बाहेर. अ‍ॅपनं त्या फोटोला गिटार लावून नाव दिलं : 'पाण्यातली मौज'. दर जुलैत ती मौज न चुकता वाजते.

"अ‍ॅपात नको ती तारीख लपवता येते म्हणे. लपवून टाका ना," काकू म्हणतात.

"काहून लपवू? उद्या कोणी इचारलं, तुह्यी कपाशी कुठी गेली, तं?"

एरवी फोनचा शब्द न मोडणाऱ्या भाऊनं तेवढा एक फोटो स्वतःच्या बोटानं उचलला आणि 'कागदपत्रं' नावाच्या फोल्डरात टाकला, आधार आणि सातबाऱ्याच्या मधोमध.