काळ्या ऑइलची बाजू

नवं ऑइल भरलेल्या ट्रकची डिपस्टिक दुसऱ्या दिवशी ओढून बघू नये. बघायचीच असेल तर लेव्हल बघावी, रंग बघू नये. पण हे शेठ लोकांना सांगणार कोण? निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात जा नाहीतर कळंबोलीच्या स्टील मार्केटबाहेर, कुठल्या ना कुठल्या उघड्या बॉनेटखाली हा संवाद चाललेला असतोच.

"मिस्त्री, ऑइल टाकलंत की नुसतं बिल टाकलंत?"

"टाकलं की शेठ. तुमच्यासमोर कॅन फोडले."

"मग हे एका रात्रीत डांबर कसं झालं?"

"डिझेल गाडी आहे शेठ. काळंच होणार."

उत्तर शंभर टक्के खरं, आणि ऐकणाऱ्याला शंभर टक्के थाप वाटणारं. मोठ्या ट्रकच्या चेंबरमध्ये पंधरा-वीस लिटर ऑइल जातं, त्याचे पैसे मोजताना शेठच्या डोळ्यांसमोर ते सोनेरी, आरपार दिसणारं ऑइल असतं. कोल्हापूरची एक खेप होते आणि डिपस्टिकवरून काळा थेंब ओघळतो. माणसाला संशय येणारच. शेठ बोटावर थेंब घेतो, अंगठ्यानं चोळतो, वास घेतो, आणि वैद्याच्या गांभीर्यानं निदान करतो, "ऑइल जळलं."

ऑइल जळलेलं नसतं. जळलेलं असतं डिझेल, आणि तेही अर्धवट.

पेट्रोलच्या साध्या इंजिनात हवा आणि पेट्रोल आधी एकजीव होतात, मग प्लगची ठिणगी पडते. डिझेलला प्लग नाही. पिस्टन आधी नुसती हवा दाबतो, साधारण 16 ते 18 पट. दाबलेली हवा 500-600 अंशांच्या पुढे तापते, आणि नोझलमधून डिझेलचा फवारा आला रे आला की आपोआप पेट घेतो. घोळ होतो तो इथे. इंजिन मिनिटाला 2000 फेऱ्यांवर असेल, तर प्रत्येक सिलिंडरला हा कार्यक्रम सेकंदाला सोळा-सतरा वेळा उरकायचा असतो. फवाऱ्याच्या कडेच्या थेंबांना हवा मिळते, मधल्या गर्दीतल्यांना ती पुरत नाही. ज्यांना पुरली नाही ते नीट जळत नाहीत आणि मागे कार्बनचे कण सोडतात. ही झाली काजळी. तिच्यातली बरीचशी तिथल्या तिथे नंतर जळून जाते, काही सायलेन्सरमधून बाहेर पडते, आणि उरलेली लायनरच्या भिंतीवरच्या ऑइलच्या थरात अडकते. वर पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडा वायू खाली चेंबरमध्ये निसटतच असतो, तोही आपली काजळी घेऊनच जातो. रिंगा नव्या असल्या तरी निसटतो, झिजल्या की जास्त.

आमच्याकडे पूर्वी एरंडेलाच्या दिव्यावर ताम्हण उपडं धरून काजळ धरायचे आणि मग ते तुपात खलायचे. ट्रकचं इंजिन हेच करतं, फक्त ताम्हणाच्या जागी लायनर आणि तुपाच्या जागी 15 डब्ल्यू 40 ऑइल. चिमूटभर काजळानं वाटीभर तूप कसं काळंभोर होतं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना ऑइलमध्ये शेकडा एक भागसुद्धा काजळी नसताना डिपस्टिक काळी का दिसते, हे समजावून सांगावं लागत नाही.

"मग फिल्टर काय झोपा काढतो?" हा शेठचा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. फिल्टर जागाच असतो. पण काजळीचा एकेक कण असतो मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाच्या दोन-चार पट. कण एकमेकांना चिकटून गुच्छ झाले तरी फिल्टरच्या कागदाची भोकं त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठी. फिल्टर धातूचा कीस, वाळू, कचरा अडवतो. काजळी त्याच्यातून आरामात ये-जा करते.

तिला अडवायची नसतेच, धरून ठेवायची असते. हे शहाणपण इंजिनवाल्यांना ठेच लागून आलं. 1930 च्या दशकात अमेरिकेत कॅटरपिलरच्या डिझेल ट्रॅक्टरांच्या रिंगा खाचांमध्ये चिकटून बसायला लागल्या. तेव्हाचं ऑइल साधं होतं. काजळी आणि चिकटा धरून ठेवण्याची त्याची ऐपतच नव्हती, त्यामुळे ती घाण पिस्टनवर जाऊन थापली जायची. मग ऑइलमध्ये डिटर्जंट घालायला सुरुवात झाली. आजच्या डिझेल ऑइलमधली रसायनं काजळीच्या प्रत्येक कणाला वेगळं वेढून ऑइलमध्ये तरंगत ठेवतात. कुठे बसू देत नाहीत, कुणाशी गट्टी करू देत नाहीत. म्हणून ऑइल काळं दिसतं आणि पिस्टन त्या मानानं साफ राहतो. आणखी एक गोष्ट मिस्त्री सांगत नाही, कारण सांगितली तर त्याच्यावरच शेकेल. बदलीच्या वेळी जुनं ऑइल सगळं निघत नाही. कूलरमध्ये, नळ्यांमध्ये, हेडच्या कानाकोपऱ्यांत थोडं राहतंच, आणि नव्याचा सोनेरीपणा घालवायला ते पुरेसं असतं.

ज्याच्या नावानं हे सगळं चाललंय त्या रुडॉल्फ डिझेलचा सुरुवातीचा बेत तर कोळशाची पूड जाळण्याचा होता. सुदैवानं तो जमला नाही. 1897 साली आउग्सबुर्गला त्याचं इंजिन नीट चाललं ते खनिज तेलावर. पुढे 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. तीच चाल पुढे टिकली असती तर आपल्या घाटांमध्ये ट्रकच्या मागे किती खमंग वास दरवळला असता! पण काजळी तेव्हाही झालीच असती.

काही गाड्यांचं ऑइल इतरांपेक्षा लवकर काळं होतं, त्याला कारणं आहेत. ओव्हरलोड गाडी खंबाटकी घाटात खालच्या गिअरवर कण्हत चढते तेव्हा ड्रायव्हर पायाखाली डिझेल ओततो, हवा मात्र तेवढी वाढत नाही. उसाच्या हंगामात साखर कारखान्यासमोर रांग लागते. गव्हाणीपर्यंत पोचायला तासन्‌तास, गाडी दहा फूट सरकते आणि पुन्हा घरघरत उभी. किलोमीटर वाढत नाहीत, काजळी वाढते. त्यात फडावरच्या धुळीनं एअर फिल्टर चोंदलेला, नोझल फवारा मारायच्या ऐवजी धार सोडणारं. शिवाय हवा कमी बिघडावी म्हणून अलीकडच्या काही इंजिनांत जळालेल्या वायूचा थोडा भाग परत सिलिंडरमध्ये सोडतात. त्यानं बाहेरचे विषारी वायू कमी होतात, आतली काजळी वाढते. शहराची फुप्फुसं वाचतात आणि ऑइल सोसतं. सौदा वाईट नाही.

आपल्याला रंगावरून निकाल द्यायची खोडच आहे. लग्नाच्या जाहिरातीत ती आहे, तांदळात आहे, गुळात तर आहेच. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून त्यात काय काय घालतात ते गुऱ्हाळवाल्याला विचारा. मग ऑइलनं काय पाप केलंय? गंमत म्हणजे पुण्यातल्या सीएनजी रिक्षाचं ऑइल कितीतरी दिवस स्वच्छ दिसतं, कारण गॅस जळताना काजळी जवळपास धरत नाही. रिक्षावाला खूश असतो. पण ते ऑइलही उष्णतेनं म्हातारं होतच असतं, फक्त केस काळे राहिलेले असतात.

याचा अर्थ "काळंच असतं, बदलायचं कशाला" असं म्हणणाऱ्या दुसऱ्या पंथाला मोकळं रान नाही. ऑइलमधल्या रसायनांची काजळी धरून ठेवायची ताकद कधीतरी संपते. मग कण गोळा होऊ लागतात, ऑइल दाट होतं, झीज रोखणारी रसायनं काजळीच शोषून घेते, आणि कॅमशाफ्टला घासणी लागते. काजळी तीन टक्क्यांच्या पुढे गेली की तपासणाऱ्या लॅबवाल्यांच्या भुवया वर जातात. लॅब जवळ नसेल तर टिपकागद घ्या. गरम इंजिनमधला एक थेंब त्यावर सोडा आणि कागद काही तास आडवा ठेवा. काळा रंग कडेपर्यंत एकसारखा पसरत गेला तर ऑइलमध्ये अजून दम आहे. मधोमध घट्ट काळा ठिपका आणि भोवती नुसतं फिकट तेलकट वर्तुळ राहिलं, तर काजळी खाली बसू लागली. बदला.

डिपस्टिकवर खरं घाबरायचं असतं ते वेगळ्याच गोष्टींना. ऑइल चहात दूध घातल्यागत दिसलं तर पाणी उतरलंय, हेड गॅसकेट नाहीतर कूलर बघा. लेव्हल खाली जायच्या ऐवजी वर चढली आणि डिझेलचा वास आला, तर नोझल किंवा पंप गळतोय. बोटांना कचकच लागली तर गाडी तिथेच बंद करा. या तिन्हींपुढे नुसता काळा रंग ही अगदीच किरकोळ तक्रार आहे.

एवढं करून बदलीला निघालेलं ऑइल सेंटरिंगच्या प्लेटांना, नाहीतर वाळवीसाठी चौकटींना फासायची आपली जुनी रीत. ते हातांना आणि मातीला चांगलं नाही. सरकारी नियमांत ते घातक कचऱ्यात मोडतं, तेव्हा नाल्यात तर ओतूच नका, परवानाधारक रीसायकलवाल्याला द्या.

ऑइल कधी बदलायचं ते कंपनीच्या पुस्तकात किलोमीटर आणि तासांत लिहिलेलं असतं. बदलल्याची तारीख आणि रीडिंग केबिनमध्ये खडूनं लिहून ठेवा, आणि मिस्त्रीला चोर म्हणणं थांबवा. आणि जुन्या डिझेल ट्रकमध्ये पाच हजार किलोमीटरनंतरही ऑइल तसंच सोनेरी दिसलं, तर मिस्त्रीकडे न जाता, ज्यानं ते ऑइल विकलं त्या दुकानदाराला आधी गाठा.