चालत्या यंत्राला हात

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कशेळे गावी विमान उतरण्याजोगी जागा नसली, तरी विमानासंबंधी अभिप्रायांचा तेथे तुटवडा नाही, याचा प्रत्यय जुहूच्या विमानतळावर लहान विमानांची दुरुस्ती करणारा एक भाचा ऐन हंगामात आपल्या भातगिरणीवाल्या मामांकडे आला असता आला.

भाचा : मामा, लायकमिंगच्या एका चार सिलिंडरी इंजिनाने मला पेचात टाकले आहे. दोन हजार तास उडाले अथवा बारा वर्षे लोटली, यांतले जे आधी घडेल तेव्हा सारे इंजिन उकलावे, असे पुस्तिका सांगते. वर्षे अकरा झाली. तास जेमतेम नऊशे.

मामा : म्हणजे निवृत्ती दाराशी आली आणि चाकरी निम्मीही नाही! सरकारी खात्यात याला कोणी हरकत घेत नाही.

भाचा : येथे घ्यावी लागते. त्या इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या अंगाला असतो. विमान महिनोन्‌महिने उभे राहिले की त्यावरचे तेल निथळते आणि गंज धरतो. शिवाय एका सिलिंडरात 80 पौंड दाबाची हवा सोडली, तर 58 च टिकते.

मामा : फुसफुस कोठून येते?

भाचा : धुराच्या नळीतून.

मामा : मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गेला. तेलाच्या तोंडाशी आली असती, तर रिंगा. एवढ्यासाठी जुहूस नोकरी धरलीस?

भाचा : निदान पटते, पण माझ्या मनात चारही सिलिंडरे नवी बसवावीत असे आहे.

मामा : बाकीच्या तिघांचा अपराध काय? चालत्या यंत्राला हात लावू नये.

भाचा : दुर्दैवाने तुमच्या बाजूने एक साहेब साक्षीस उभा आहे. दुसऱ्या महायुद्धात वॉडिंग्टन नामक जीवशास्त्रज्ञाने ब्रिटिशांच्या समुद्रावर गस्त घालणाऱ्या विमानांचे दप्तर तपासले, तेव्हा दर 50 तासांच्या नियमित तपासणीनंतर लगेचच बिघाड सर्वाधिक होतात आणि मग ओसरत जातात, असे निष्पन्न झाले.

मामा : त्यासाठी महायुद्ध कशाला? भिवपुरीच्या टाटांच्या वीजगृहातली वीज 1922 पासून मुंबईला जाते. आमच्याकडे वायरमन येतो, आणि तो येऊन गेला की दिवे जातात.

भाचा : तरीही इंजिन उकललेच, तर रिंगा, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, कितीही धडधाकट दिसोत, बदलावेच लागतात. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तितकाच ताण सोसेल, याची खातरजमा नजरेने होत नाही.

मामा : बदल की. पाच-पन्नास रुपयांचा बोल्ट!

भाचा : विमानाचा बोल्ट त्या भावात मिळत नाही, कारण त्यासोबत तो कोठे घडला, कोणी तपासला, उड्डाणास लायक आहे की नाही, याचा दाखला येतो. दाखला गहाळ झाला, की बोल्ट निव्वळ लोखंड.

मामा : शाबास! आमच्या कातकरवाडीतल्या पोराच्या जातीच्या दाखल्यापायी बाप तहसील कचेरीचे उंबरठे झिजवतो, आणि तुमच्या बोल्टाला तो जन्मतःच!

(भाच्यापाशी यावर उत्तर नव्हते, तहसील कचेरीपाशीही नसावे.)

भाचा : मग तुमचा निवाडा?

मामा : सिलिंडर उतरवले, की त्या भगदाडातून तुझा तो कॅम दिसतो ना?

भाचा : दिसतो.

मामा : मग ते एकच उतरव, व्हॉल्व्ह नवा घाल, तिघांना हात लावू नकोस. कॅम बत्ती लावून पाहा. तो चकचकीत असला, तर बारावे वर्ष भरेपर्यंत उडू दे. गंजाने खड्डे पडले असले, तर मालक कितीही गयावया करोत, सगळे उकल आणि बिल आगाऊ घे.