पांढरं काही आहे का घरात?

जोतिबाला जाऊन आलेल्या माणसानं निदान आठवडाभर तरी वाईनची पारख करायला बसू नये. वाईनचा रंग बघायचा तर ग्लास पांढऱ्या कापडासमोर तिरका धरावा लागतो, आणि चैत्राच्या यात्रेहून परतलेल्या घरात पांढरं असं काही उरत नाही. गुलालानं टॉवेल गुलाबी, उशांचे अभ्रे गुलाबी. मामांची टोपी तर धुतल्यावर आणखीच गुलाबी झाली.

बाटली पुण्याच्या भाच्यानं आणली होती. तो हल्ली वाईनचा कोर्स करतो, त्यामुळे बूच काढण्याआधी बराच वेळ बोलतो. पण उघडायची कधी? रविवार जोतिबाचा, सोमवार महादेवाचा, मंगळवार अंबाबाईचा. "बुधवारी मटण आहे, तेव्हा काय ते करा," असा निकाल आईनं दिला.

'सेत्ते' नावाची ती तांबडी वाईन होती, दहा-बारा वर्षं मुरलेली.

"इटलीची काय रं?" मामांनी विचारलं.

"अकलूजची."

"म्हंजे उसाचीच की!"

मग भाच्यानं सगळं उलगडून सांगितलं. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन घरांतले सहा भाऊ एकत्र आले. टस्कनीतले जाणकार पिएरो मासी त्यांना येऊन मिळाले आणि माळशिरस तालुक्यात द्राक्षं लागली. बांधावरून मामांचा सख्ख्या भावाशी दावा चालू आहे. सहा भावांनी मिळून एक बाटली भरली, हे ऐकून त्यांना प्यायच्या आधीच चढली.

बाटलीत सांजोवेसे आणि काबर्ने सोव्हिन्याँ या दोन द्राक्षांचा मेळ आहे. पहिलं द्राक्ष अस्सल टस्कनीचं, दुसरं फ्रान्सचं. अशी जोड जमवणाऱ्या 'टिन्यानेल्लो' या टस्कनीच्याच वाईनवर १९७०च्या दशकात निव्वळ 'टेबल वाईन' असं लिहावं लागलं होतं, कारण तिथल्या कियांती वाईनच्या नियमांत ती बसेना. पुढे तिचीच किंमत भल्याभल्यांना परवडेनाशी झाली.

"आंतरजातीय म्हना की," मामा म्हणाले. "आधी वाळीत टाकायचं, मग बारशाला फुडं!"

अशी वाईन सोळा ते अठरा अंशांवर प्यावी म्हणतात. चैत्रातल्या कोल्हापुरात एवढा गारवा फक्त फ्रिजमध्ये असतो, म्हणून ती अर्धा तास ताकाच्या तांब्याशेजारी बसली. तेवढ्यात पांढऱ्या कापडाचा शोध सुरू झाला. सगळी कपाटं धुंडाळून झाली, आणि अखेर आईनं पांढऱ्या रश्श्याची वाटी पुढं केली. त्या रश्श्यासमोर ग्लास धरून भाचा म्हणाला, "कडेला विटकरी झाक आहे. वय दिसतंय."

मग वास. "जुनं कातडं, तंबाखू, वाळलेली चेरी," भाचा डोळे मिटून म्हणाला. चेरी आम्हाला केकवरचीच ठाऊक, पण बाकीच्या दोन्ही गोष्टींत कोल्हापूरकराला कुणी शिकवू नये. तंबाखू निपाणीची आणि कातडं पायात! वाईनमध्ये जिभेला कोरड पाडणारं जे टॅनिन असतं, ते द्राक्षाच्या सालीतून नि बियांतून येतं. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कोल्हापुरी चपलेचं कातडं कमावतात, तेही टॅनिनच. मामांनी ग्लासात नाक घातलं, मग पायातली चपल काढून हुंगली, आणि मान डोलावली.

"आणखी काहीतरी आहे," भाचा वहीत लिहीत म्हणाला. "रानवनस्पती. फार दुर्मीळ छटा." तो वास आम्हालाही येत होता. रविवारचा दवणा मामांनी धुतलेल्या टोपीत पुन्हा खोचला होता. वहीतली ओळ मात्र भाच्यानं खोडली नाही.

चव खरंच छान होती. धार गेलेली, आंबटपणा जिवंत, तळाशी थोडा गाळ. वाईन मुरते तसं टॅनिन आणि रंग एकमेकांना धरून खाली बसतात, म्हणून भाचा शेवटचा घोट ओतायला तयार नव्हता. "तळाचाच तर मसाला असतोय," म्हणत मामांनी तो आपल्या ग्लासात घेतला.

जेवायला बसल्यावर भाच्यानं तांबड्या रश्श्याचा भुरका मारून वर लगेच वाईनचा घोट घेतला. अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही तिखटाची आग वाढवतात, हे त्याच्या कोर्समध्ये बहुधा यायचं होतं. कान लाल झाले, नाक वाहू लागलं. तशातही वही ओढून त्यानं वाईनला शंभरपैकी एकोणनव्वद गुण दिले.

"आणि रश्श्याला?" आईनं विचारलं.

भाच्यानं नुसताच हात वर केला. तो शंभर म्हणत होता की पाणी मागत होता, यावर मामा आणि आई यांचं अजून एकमत झालेलं नाही.