अण्णांचा दुसरा मंगळवार

अण्णांच्या डीटीपीच्या दुकानात शिरलं की आधी दिसतो तो मॉनिटरला चिकटवलेला कागद : ‘हे मशीन कोणीही बंद करू नये. विचारल्यास “नंतर” म्हणावे.’ हा हुकूम दुकानातल्या पोऱ्याला आहे, पत्रिकेचं प्रूफ तपासायला आलेल्या वधूपित्याला आहे आणि झाडलोट करणाऱ्या मावशींनाही आहे. मावशींना माऊस धरता येत नाही, पण स्क्रीनवर निळं काही उगवलं की त्या लांबूनच ‘नंतर, नंतर’ म्हणतात.

अशी माणसं आता गावोगाव आहेत. कुणी सीएकडे रिटर्न भरतं, कुणी लॅबमध्ये रिपोर्ट काढतं. एरवी गरीब स्वभावाची. पण कॉम्प्युटरने ‘रिस्टार्ट करू का?’ विचारलं की अंगात येतं. आमचे अण्णा त्यांतले बुजुर्ग.

भिंतीवरच्या कालनिर्णयात दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी लाल गोल असतो. त्या दिवशी अमेरिकेत सकाळी दहाला विंडोज बनवणारी कंपनी महिन्याची अपडेट सोडते. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा, थंडीत साडेअकरा. तो मंगळवार अंगारकीचा निघाला तर अण्णा चंद्रोदयानंतर उपास सोडतात आणि जेवण उरकून तडक दुकानात येतात, वायफाय बंद करायला.

वैराचं मूळ एका ग्रामपंचायत निवडणुकीत आहे. पॅनेलचं पत्रक रात्री दीडला जुळून आलं, सतरा उमेदवारांचे फोटो एका मापात बसले आणि अण्णा फाईल तशीच उघडी ठेवून घरी गेले. सकाळी मशीन ताजंतवानं होऊन पासवर्ड मागत होतं. पत्रक सेव्ह केलेलं नव्हतं. ‘कंट्रोल-एस दाबायला किती वेळ लागतो?’ असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘का दाबू? मी मशीन बंद केलेलं नव्हतं.’ यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि खरं सांगायचं तर कंपनीकडेही नसावं.

कारण २०१५ च्या जुलैत विंडोज १० आलं तेव्हा घरगुती आवृत्तीतून ‘मला अपडेट नको’ म्हणायची सोयच काढून टाकलेली होती. पुढे तक्रारी वाढल्या, तेव्हा कामाचे तास कळवायची मुभा मिळाली; त्या तासांत मशीन आपणहून रिस्टार्ट होणार नाही. २०१७ मध्ये हे तास अठरापर्यंत वाढवले. अण्णांना त्यात उपकार दिसला नाही. ‘म्हणजे उरलेले सहा तास ह्यांचे? मशीनचे हप्ते कुणी भरले?’

मग अण्णांनी स्वतःच विद्या संपादन केली. सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन ‘विंडोज अपडेट’ बंद केलं. काही दिवसांनी ते पुन्हा चालू. खोदकाम केल्यावर त्याच यादीत ‘मेडिक’ नावाची आणखी एक सर्व्हिस सापडली. पहिलीला कुणी हात लावला, तर तिला पुन्हा उभं करायचं, एवढंच तिचं काम. ‘मला डेंग्यू झाला तेव्हा कुणी फिरकलं नाही,’ अण्णा म्हणाले, ‘आणि ह्याला घरचा डॉक्टर!’ त्यानंतर त्यांनी वायफायला ‘मीटर्ड’ असा शेरा मारला, म्हणजे इथे डेटा महाग आहे, उगाच उतरवू नकोस. हा उपाय बऱ्यापैकी चालला. त्याचं वर्णन ते असं करतात : ‘गरीब आहोत म्हणून सांगून टाकलं.’ २०१९ पासून घरगुती आवृत्तीतही अपडेट पस्तीस दिवस थोपवून धरता येते. ते पस्तीस दिवस कालनिर्णयावर हिरव्या शाईने मोजलेले असतात.

पुण्यात आयटीत असलेला पुतण्या सुट्टीत आला की दुकानात वादसभा भरते.

‘काका, २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय आला. फायलींना कुलूप घालून खंडणी मागत होता. त्याचा इलाज मार्चमध्येच अपडेटमधून दिलेला होता. ज्यांनी घेतला नाही, ते अडकले.’

‘माझ्याकडे काय आहे? लग्नपत्रिका. ने म्हणावं. कार्यक्रमाला ये म्हणावं.’

‘पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला. जेएनपीटीतलं एक टर्मिनल बंद पडलं, काका. न्हावाशेवाला कंटेनर खोळंबले.’

इथे अण्णा खुर्ची पुढे ओढतात. हा डाव त्यांना पाठ आहे. ‘तो आला कुठून रे? युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! बरोबर?’

बरोबर असतं. पुतण्या सांगू पाहतो की पुढे पसरताना नॉटपेट्याने धरलेली एक वाट मार्चच्या त्याच दुरुस्तीने बुजवलेली होती; पण तोवर अण्णांनी ड्रॉवरमधून एक बातमी काढलेली असते. २०१८ च्या ऑक्टोबरात विंडोजच्या मोठ्या अपडेटने काही जणांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायलीच पुसल्या आणि काही दिवसांतच तिचं वाटप थांबवावं लागलं, ती बातमी. अण्णांनी तिला लॅमिनेशन केलंय. माझ्या मते पुतण्याचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. पण लॅमिनेशनपुढे कुणाचं काय चालणार?

अशी दहा वर्षं झुंज चालली. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला, दिवाळी आठवड्यावर असताना, विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. तोही दुसरा मंगळवारच. विंडोज ११ ला अण्णांचा प्रोसेसर चालत नाही. म्हणजे यापुढे लाल गोल नको, हिरवी शाई नको, रात्रीचं वायफाय नको. मी पेढे मागायला गेलो तर अण्णा पडलेल्या चेहऱ्याने बसले होते.

‘परस्पर बंद केलं,’ म्हणाले. ‘विचारलंसुद्धा नाही.’

पुतण्याला फोन लावला. त्याने सांगितलं की सुरक्षेच्या अपडेट आणखी एक वर्ष मिळू शकतात, पण त्यासाठी कंपनीच्या खात्याने लॉगइन करून नाव नोंदवावं लागेल. ज्या माणसाने दहा वर्षांत ह्या मशीनवर कंपनीला स्वतःचा ईमेल कळू दिला नव्हता, त्याने पाकिटातून चिठ्ठी काढून पोऱ्याला पासवर्ड वाचून दाखवला. नोंदणी झाली. लगेच कोपऱ्यात निळी चौकट उगवली : रिस्टार्ट करू का?

केर काढता काढता मावशी म्हणाल्या, ‘नंतर.’

‘अहो मावशी, थांबा!’ अण्णा ओरडले. ‘आज आपणच बोलावलंय त्याला.’