विमात राहण्याचे नियम

भांडी घासायच्या साबणाची माहिती शोधत आलेल्यांनी इथूनच मागे फिरावे. हे मार्गदर्शन विम नावाच्या टेक्स्ट एडिटरचे आहे. माउसने दोन सेकंदांत होणारे काम कीबोर्डवर एका सेकंदात उरकण्यासाठी आयुष्यातली पाच-सहा वर्षे गुंतवायला जे राजी असतील, त्यांनीच पुढे वाचावे.

प्रथम प्रवेशाविषयी. विममध्ये ठरवून कोणी शिरत नाही. गिटला कमिट करायला सांगितले आणि सोबत मेसेज द्यायचा राहिला, किंवा परक्या सर्व्हरवर क्रॉनची यादी उघडली, की टर्मिनल एकाएकी रूप बदलतो. खाली डाव्या कडेला टिल्डांची रांग उभी राहते, कर्सर लुकलुकतो आणि कोणी काही बोलत नाही. अशा वेळी नवशिका भीड न बाळगता टाइप करू लागतो. त्याला करू द्यावे. त्यातून काय घडते ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे.

समजा, त्याला इंग्रजीत ‘फिक्स्ड लॉगिन बग’ एवढेच लिहायचे आहे. पण विम उघडतो तो नॉर्मल मोडमध्ये, आणि तिथे प्रत्येक अक्षर म्हणजे एक आज्ञा. मोठा एफ म्हणतो, पुढे सांगाल ते अक्षर या ओळीत मागे शोधतो. पुढे आला आय. ओळ रिकामी, शोध संपला. एक्स म्हणजे कर्सरखालचे अक्षर पूस, अक्षरच नाही. ई म्हणजे पुढच्या शब्दाच्या टोकाला जा, म्हणून कर्सर खालच्या ओळीवर उतरतो आणि गिटने आपल्या सूचनेच्या आरंभी ठेवलेल्या हॅशवर बसतो. डी म्हणजे पूस, आणि त्यामागची स्पेस म्हणजे ‘एक अक्षर’. हॅश गेला. त्या हॅशमुळेच ती ओळ गिट वगळणार होता. आता ती मेसेजात जमा झाली. एल म्हणजे एक घर उजवीकडे. ओ म्हणजे खाली नवी ओळ उघड आणि लिहू दे. उरलेली अक्षरे मात्र जशीच्या तशी उमटतात. एवढे करून आपला माणूस कसाबसा सेव्ह करून सुटला, तर प्रकल्पाच्या इतिहासात कायमची नोंद होते: ‘प्लीज एंटर द कमिट मेसेज फॉर युअर चेंजेस. लाइन्स स्टार्टिंग’, आणि त्याखाली, ‘जिन बग’.

वरिष्ठांनी यावर हसू नये. वरिष्ठांच्या नावावरही अशा नोंदी असतात, फक्त त्या जुन्या रिपॉझिटरीत असतात.

हे सारे असे का, असे विचारणाऱ्याला 1976 साली बर्कलीला नेऊन सोडावे. तिथे बिल जॉय नावाचा विद्यार्थी व्हीआय हा एडिटर लिहीत होता. घरचा मोडेम 300 बॉडचा, म्हणजे सेकंदाला साधारण तीस अक्षरे. ऐंशी रकाने आणि चोवीस ओळींचा पडदा पूर्ण रंगवायला मिनिटभराहून जास्त वेळ. एवढ्या अवधीत माणूस आपण काय बदलत होतो तेच विसरतो. म्हणून आज्ञा एकेका अक्षराच्या. ती काटकसर होती, मिजास नव्हे. त्याच्या एडीएम-3ए टर्मिनलवर बाणांच्या वेगळ्या कळाच नव्हत्या. बाण एच, जे, के, एल या अक्षरांवरच छापलेले होते. एस्केप होती आज टॅब असते तिथे, करंगळीच्या टप्प्यात. पुढे कीबोर्ड बदलले, एस्केप वायव्य कोपऱ्यात गेली, आणि सवयी मात्र तिथेच राहिल्या. (कॅप्स लॉकला एस्केप करून घेणे हा यावरचा सर्वमान्य तोडगा. सहकाऱ्याने तुमचा कीबोर्ड मागितला की त्याचा खरा लाभ कळतो: तो पुन्हा मागत नाही.) त्याआधीचा केन थॉम्पसनचा ईडी तर चूक झाली की फक्त एक प्रश्नचिन्ह छापायचा. तेव्हा विम उद्धट आहे ही तक्रार करण्यापूर्वी त्याचे घराणे पाहावे.

विम हा व्हीआयचा सुधारलेला वंशज. डच प्रोग्रॅमर ब्रॅम मोलेनार यांनी तो 1991 मध्ये अमिगा संगणकावरून लोकांसमोर आणला आणि 2023 च्या ऑगस्टमध्ये वारेपर्यंत सांभाळला. फाइल न देता विम उघडला तर स्वागताच्या पाटीवर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी विनंती दिसते. ती खरी आहे. पैसे द्यायचे असतील तर तिथे द्यावेत, सशुल्क कोर्सवर घालवू नयेत.

आता निर्गमन. विममधून बाहेर कसे पडावे हा प्रश्न स्टॅक ओव्हरफ्लोवर 2017 सालापर्यंत दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला होता. उत्तर लहान आहे: एस्केप, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. उद्गारचिन्हाचा अर्थ ‘बदल गेले तरी चालतील, मला घरी जाऊ द्या’. बदल हवे असतील तर कोलन डब्ल्यू क्यू. मोठा झेड दोनदा दाबूनही तेच होते आणि बघणाऱ्यावर छाप पडते.

विंडोजवरून आलेल्यांनी मात्र आपले संस्कार दारातच उतरवून ठेवावेत. कंट्रोल-एस दाबले की फाइल सेव्ह होत नाही. बऱ्याच टर्मिनलांत पडदाच गोठतो, आणि कंट्रोल-क्यू दाबेपर्यंत गोठलेला राहतो. कंट्रोल-झेड दाबले की चूक मागे जात नाही, विमच मागे जातो. समोर शेलचा प्रॉम्प्ट येतो आणि नवशिक्याला वाटते, सुटलो. तो टर्मिनल बंद करून जेवायला जातो. दुपारी तीच फाइल उघडल्यावर स्वॅप फाइल सापडल्याची लांबलचक इशारावजा नोटीस येते. ती कोणीही पूर्ण वाचलेली नाही. सुज्ञ माणसाने शेलमध्ये एफजी लिहून गेलेल्याला वेळीच परत बोलवावे.

इतके जमले की व्याकरणाकडे वळावे. विमची आज्ञा म्हणजे क्रियापद आणि कर्म: डी म्हणजे पूस, डब्ल्यू म्हणजे शब्द, सी म्हणजे बदल, आय आणि अवतरणचिन्ह म्हणजे अवतरणातला मजकूर. तीन कळांत अवतरणे शाबूत राहतात, आतला मजकूर जातो आणि कर्सर लिहायला बसतो. इथे चेष्टा क्षणभर बाजूला ठेवून कबूल करावे लागते की ही रचना फार सुरेख आहे. दहा क्रियापदे आणि दहा कर्मे पाठ केली की शंभर आज्ञा हातात येतात, आणि कुठली नवी आज्ञा असेल याचा अंदाजही बरोबर निघू लागतो. आपली अडचण एवढीच की मराठी माणूस क्रियापद शेवटी ठेवतो. त्याच्यासाठी व्हिज्युअल मोड आहे: आधी मोठा व्ही दाबून ओळी निवडाव्यात, सावकाश विचार करावा, मग काय करायचे ते सांगावे. काकून आणि हेलिक्स या नव्या एडिटरांनी तर हा कर्मप्रथम क्रमच नियम केला आहे. त्यांचे कर्ते मराठी नाहीत, तरी त्यांच्याविषयी आपुलकी वाटायला हरकत नाही.

फॉर्मॅटिंग हा या मार्गदर्शनाचा गाभा. शाहिराने जी जी म्हटले की पोवाडा रंगात येतो. विममध्ये जीजी म्हटले की कर्सर पहिल्या ओळीवर येतो. त्यापुढे बरोबरचे चिन्ह आणि मोठा जी दाबला की पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळे इंडेंटेशन सरळ होते. हा विधी शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर करावा, आणि तोही दुसऱ्याने लिहिलेल्या दोन हजार ओळींच्या फाइलवर. स्वतःच्या फाइलवर करण्यात पुण्य नाही. सोबत मूळ कामाची एक ओळ बदललेली असावी. मग पीआर टाकावा. बारा ओळींच्या पीआरवर चाळीस शेरे येतात; दोन हजार ओळींच्या पीआरला अर्ध्या मिनिटात मंजुरी मिळते, कारण तो उघडून पाहायची कोणाची छाती नसते. फळ पुढे मिळते. काही वर्षांनी व्याजाच्या हिशेबात घोळ सापडतो, कोणीतरी गिट ब्लेम चालवतो, आणि प्रत्येक ओळीपुढे तुमचे नाव झळकते. गिट ब्लेमला स्पेसमधले फरक वगळायला सांगणारा डब्ल्यू हा पर्याय आहे, ही माहिती सहकाऱ्यांना द्यायची की नाही हे मूळ लेखकाशी असलेल्या संबंधांवर ठरवावे.

पायथनच्या फाइलवर हा विधी करू नये. तिथे इंडेंटेशन हाच अर्थ असतो. ‘जर’ची हद्द कुठे संपली हे फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक असते आणि तो नोकरी सोडून गेलेला असतो.

जुन्या सर्व्हरवर कोड पेस्ट करतानाही सांभाळावे. ऑटोइंडेंट चालू असेल तर विमला वाटते की हे तुम्हीच भराभर टाइप करत आहात, आणि तो प्रत्येक ओळीला आधीच्या ओळीइतकी जागा आपणहून बहाल करतो. मूळच्या स्पेस त्यात वर पडतात. विसाव्या ओळीपर्यंत कोड पर्वतीच्या पायऱ्यांसारखा उतरत उतरत पडद्याच्या उजव्या कडेबाहेर जातो. पेस्ट करण्याआधी कोलन सेट पेस्ट लिहावे. नंतर नोपेस्ट लिहायला विसरावे, म्हणजे ऑटोइंडेंट बंद का पडले यावर उरलेली दुपार सार्थकी लागते.

टॅब की स्पेस या वादात पडू नये. फक्त कोलन रीटॅब ही आज्ञा ठाऊक असावी. एक्स्पँडटॅब चालू असताना ती सगळ्या टॅबांच्या स्पेस करते. मेकफाइलवर ती चालवली की मेक ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून हात वर करतो, कारण मेकफाइलमध्ये आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक लिहिला आणि ही चूक लवकरच त्यांच्या ध्यानात आली. पण तोवर डझनभर लोक तो वापरू लागले होते आणि त्यांना त्रास नको म्हणून टॅब तसाच ठेवला. त्या डझनभरांची सोय आजतागायत सगळे जग पाहत आहे.

अक्षरे मोठी करायला जी आणि मोठा यू. ही आज्ञा देवनागरीवर चालवून पाहावी. काहीही होत नाही. आपल्या लिपीत थोरली-धाकटी अक्षरे नसल्याने विम नम्रपणे पुढे जातो.

मोठ्या जेविषयी स्वतंत्र इशारा द्यायला हवा. लहान जे म्हणजे खाली जा. मोठा जे म्हणजे खालची ओळ वर ओढून या ओळीला जोड. कॅप्स लॉक चुकून चालू असताना दहा ओळी खाली जायचा प्रयत्न केला, की त्या दहा ओळीच वर येऊन एकत्र कुटुंबात नांदू लागतात. त्यांतल्या एखादीच्या शेवटी दोन तिरक्या रेघांची टिप्पणी असेल, तर तिच्या पुढचा सगळा कोड टिप्पणीत जातो. कंपायलर पुष्कळदा मुकाट्याने होकार देतो, आणि खातेदाराच्या शिल्लक रकमेची तपासणी त्या दिवसापासून बंद होते.

शोधून बदलणे ही राजआज्ञा. कोलन, टक्का, एस, तिरकी रेघ, जुने, तिरकी रेघ, नवे, तिरकी रेघ, जी. शेवटचा जी नसेल तर प्रत्येक ओळीतला पहिलाच शब्द बदलतो आणि काम झाल्याचा भास होतो. पण शब्दाच्या सीमा न सांगता ही आज्ञा देण्यातच खरे धाडस आहे. मतदारयादीत ‘राम’च्या जागी ‘श्याम’ करायला सांगावे: आरामचा आश्याम, रामटेकचे श्यामटेक आणि ग्रामपंचायतीची ग्श्यामपंचायत होते. शेवटी सी जोडला तर विम प्रत्येक ठिकाणी थांबून परवानगी मागतो. पहिल्या चार वेळा नीट वाचून हो म्हणावे. पाचव्यांदा माणूस ए दाबतो, म्हणजे ‘उरलेले सगळे’, आणि ग्रामपंचायत सहावी असते.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक जादा कलम. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर मजकूर लिहून एस्केप दाबली आणि भाषा बदलायची राहिली, तर एच, जे, के, एल या कळांतून प, र, क, त निघतात. विमला यांतले काहीच समजत नाही. तो फक्त बीप करतो. सेव्ह करून बाहेर पडायचे म्हणून कोलन डब्ल्यू क्यू दाबले की निघते ‘छैौ’. हे मोठ्याने उच्चारून पाहावे, मनाला हलके वाटते, पण फाइल सेव्ह होत नाही. कायमचा उपाय म्हणजे विमचाच कीमॅप हा पर्याय: त्यात अक्षरांची अदलाबदल फक्त लिहिण्याच्या मोडमध्ये होते आणि आज्ञा इंग्रजीच राहतात.

उलट एका बाबतीत मराठीची चंगळ आहे. उजवा गोल कंस दाबला की कर्सर पुढच्या वाक्यावर जातो, आणि वाक्य संपल्याची खूण म्हणजे पूर्णविराम, उद्गारचिन्ह किंवा प्रश्नचिन्ह. आपण टिंब देतो, म्हणून आपले सुरळीत चालते. हिंदीची उभी रेघ विमच्या हिशेबात नाही. त्यामुळे हिंदी परिच्छेदात कंस दाबला तर कर्सर एकदम परिच्छेदाच्या पार जातो.

राहता राहिला पश्चात्ताप. यू दाबला की शेवटचा बदल मागे जातो, कंट्रोल-आर दाबला की परत येतो. कोलन अर्लियर दहा एम लिहिले तर फाइल दहा मिनिटांपूर्वी होती तशी समोर येते. ही सोय संसारात नसल्याने अनेक जण रात्री उशिरापर्यंत ऑफिसात बसतात. मात्र ती आहे विममध्ये. ग्राहकाच्या जुन्या मशीनवर फक्त मूळचा व्हीआय असेल, तर तिथे यू एकाच पायरीपुरता: दुसऱ्यांदा दाबला तर तो आधीच्या यूलाच मागे घेतो आणि नुकतीच निस्तरलेली चूक पुन्हा जागेवर आणून ठेवतो. तिथे तिसऱ्यांदा यू दाबावा, दोन्ही हात कीबोर्डवरून उचलावेत, आणि बॅकअप कुठे असतो हे ज्याला माहीत आहे त्याला चहा विचारावा.